क्रीम चीज फ्रॉस्टिंग दर वेळी पातळ होतंय? आधी साखरेचा डबा बाजूला ठेवा

गाजराचा मसाला केक झक्कास झालेला असतो, लेअर सरळ फुगलेत, दालचिनी-जायफळाचा वास पार जिन्यापर्यंत गेलाय, आणि इकडे क्रीम चीज फ्रॉस्टिंग मात्र स्पॅच्युलावरून घरंगळतंय. कसंबसं लावलं तर वरचा लेअर हळूच एका बाजूला सरकायला लागतो, कडेने पांढरे ओघळ येतात, आणि पाहुणे यायला अर्धा तास उरलेला असतो. एकदा झालं तर ठीक, पण बऱ्याच जणींचं दर वेळी हेच, आणि दर वेळी उपायही तोच, की अजून आयसिंग शुगर घाल. मग ते अजून सैल होतं, मग अजून साखर, शेवटी गोड मिट्ट पाणी. क्रीम चीज फ्रॉस्टिंग साखरेने घट्ट होत नाही हो, साखरेनेच पातळ होतं. एवढं एक पक्कं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

पटत नसेल तर श्रीखंड आठवा. चक्का रात्रभर टांगून ठेवतो, सकाळी तो इतका घट्ट असतो की फडक्यातून गोळाच निघतो, आणि त्यात साखर मिसळून तासभर ठेवला की तोच चक्का सैल पडतो, साखर त्यातलं पाणी ओढून घेते आणि विरघळते. श्रीखंड पातळ झालं म्हणून कोणी त्यात अजून साखर ओतत नाही, पुढच्या वेळी चक्का जास्त घट्ट करून घेतात. क्रीम चीजचं अगदी तेच. तेही आंबवलेल्या दुधासायीचंच, प्रोटीनच्या जाळीत पाणी आणि फॅट धरून ठेवलेलं, आणि त्यात वजनाच्या साधारण निम्मं किंवा जास्तच पाणी असतं. आयसिंग शुगर थेट त्याच्यावर पडली की ती पाणी खेचते, त्यात आपण बीटर फुल स्पीडला लावून ती जाळीही मोडतो, मग जे होतं ते तुम्ही बघितलेलंच आहे. साध्या बटरक्रीममध्ये साखर वाढवली की घट्ट होतं ते खरं, पण बटरमध्ये पाणी 16 टक्क्यांच्या आसपासच असतं आणि तेही फॅटमध्ये बारीक बारीक थेंबांनी अडकलेलं. तिथला नियम इथे लावला की आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आत्ता भांड्यात पातळ झालंय, काय करू?

काहीही घालू नका आधी. एक चमचा फ्रॉस्टिंग वाटीत काढा आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवा, वीसेक मिनिटं. बाकीचं भांडंही झाकून फ्रिजमध्येच ठेवा. वीस मिनिटांनी वाटीतला चमचाभर नीट घट्ट झाला असेल तर दुखणं उष्णतेचं आहे, बटर वितळलं होतं, बाकी काही बिघडलेलं नाही. भांड्यातलं पाऊण तास गार होऊ द्या, मग बीटर न लावता स्पॅच्युलाने खालीवर करून घ्या, लावण्याजोगं होतं. पण वाटीतलं गार होऊनही ओघळतंच असेल किंवा कडेला पाणी सुटल्यासारखं दिसत असेल, रवाळ दिसत असेल, तर जाळी मोडली आहे आणि पाणी सुटलंय, ते फ्रिजने परत जागेवर जाणार नाही. या दोन्हींची गल्लत होते म्हणून उपाय लागू पडत नाहीत. एकीला कोणीतरी सांगतं फ्रिजमध्ये ठेव, तिचं होतं, ती दुसरीला सांगते, तिचं होत नाही, मग चीजच्या कंपनीला शिव्या.

पाणी सुटलेल्याला वाचवायचं असेल तर फॅट वाढवावं लागतं. वेगळ्या भांड्यात 80-100 ग्रॅम बटर (मऊ पण गारसर, बोट दाबलं तर खड्डा पडावा पण चकाकू नये) एकटं फेटून हलकं करा आणि ते पातळ मिश्रण थंडगार असताना एकेक चमचा त्यात घालत जा, प्रत्येक चमचा मिसळला की पुढचा. दुधात पाणी घालतो तसं धो धो ओतलं तर परत फाटेल. हे जमतं बऱ्याचदा, चव जरा बटरकडे झुकते. कॉर्नफ्लॉवर मात्र घालू नका, सगळीकडे हा सल्ला मिळतो, पण कच्च्या कॉर्नफ्लॉवरची ती पिठूळ चव जिभेवर राहते आणि गार मिश्रणात तो पाणी धरतही नाही, त्याला उष्णता लागते. मिल्क पावडर दोन-तीन चमचे चालते, थोडं पाणी शोषते, चवही दुधाचीच लागते, पण गुठळ्या होऊ नयेत म्हणून चाळून घाला आणि दहा मिनिटं थांबा, लगेच फरक दिसत नाही.

पुढच्या वेळी होऊ नये म्हणून

इंग्रजी रेसिपीत लिहिलेलं असतं की बटर आणि क्रीम चीज दोन्ही रूम टेम्परेचरला आणा. त्यांची रूम म्हणजे 20-22 डिग्री. आपल्याकडे मे महिन्यात ठाण्या-मुंबईच्या किचनमध्ये ओटीजी चालू असताना 34 च्या पुढे सहज जातं, नागपूरचं तर बोलायलाच नको, आणि बटर 32 ते 35 च्या दरम्यान वितळून पाणी होतं. म्हणजे रेसिपी अक्षरशः पाळली की फ्रॉस्टिंग सुरू व्हायच्या आधीच संपलेलं. आपल्यासाठी नियम उलटा, बटर फ्रिजमधून काढून तुकडे करून दहा-पंधरा मिनिटं, हिवाळ्यात थोडं जास्त, आणि क्रीम चीज तर थेट फ्रिजमधलंच. केक बेक करून ओव्हन बंद केल्यावर त्याच किचनमध्ये लगेच फ्रॉस्टिंगला बसू नका, एसी असलेल्या खोलीत भांडी घेऊन जा सरळ, घरचे हसले तर हसू देत.

आता क्रम, हा सगळ्यात महत्त्वाचा. आधी बटर आणि आयसिंग शुगर एकत्र फेटायचं. क्रीम चीज अजून फ्रिजमध्येच. बटर पांढरट हलकं होईपर्यंत मनसोक्त फेटा, तीन-चार मिनिटं, इथे जास्त फेटल्याने काही बिघडत नाही, साखरेच्या कणांना फॅटचं आवरण बसतं आणि मग ती क्रीम चीजमधलं पाणी तितक्या जोरात ओढत नाही. मग थंड क्रीम चीज बाहेर काढून वेगळ्या वाटीत फोर्कने किंवा स्पॅच्युलाने फक्त सारखं करून घ्या, गुठळ्या मोडण्यापुरतं, आणि दोन-तीन वेळा थोडं थोडं बटरमध्ये घाला, बीटर सगळ्यात कमी स्पीडला, एकजीव दिसलं की बंद. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम आहे ते. अजून जरा फ्लफी होऊ दे म्हणून फेटत राहिलं की संपलं, क्रीम चीज हवा धरण्यासाठी बनलेलंच नाही. व्हॅनिला इसेन्स आणि चिमूटभर मीठ बटरच्या वेळीच घालून टाका. लिंबाचा रस बऱ्याच रेसिपीत असतो, आपल्याकडच्या हवेत तो नको, आंबटपणा हवा असेल तर लिंबाची साल किसून घाला, चव येते आणि पाणी येत नाही.

थंड क्रीम चीजच्या गुठळ्या राहतात ही तक्रारही खरी आहे. त्यावर उपाय पुरणयंत्र किंवा बारीक चाळणी, क्रीम चीज आधी त्यातून दाबून काढा आणि परत दहा मिनिटं फ्रिजमध्ये. गुठळी घालवायला बीटर वाढवणं हा उपाय नाही.

प्रमाण सांगते, सात इंची दोन लेअरला पुरेल असं, मध्ये, वर आणि बाजूला पातळसर. बटर 125 ग्रॅम, क्रीम चीज 250, आयसिंग शुगर 150 ते 180. अमेरिकन रेसिपीत 225 ग्रॅम चीजला 400-450 ग्रॅम साखर असते, ती इथे नकोच, दात किटकिटतात आणि पाणी सुटण्याची पूर्ण सोय. एप्रिल-मे मध्ये किंवा केक बाहेर जास्त वेळ राहणार असेल तर बटर आणि चीज समसमान, 200-200 घ्या. बटर अनसॉल्टेड असेल तर उत्तम, पिवळं खारवलेलं असलं तरी चालतं, मग वरून मीठ नको. घरचं लोणी कितीही ताजं आणि पांढरंशुभ्र असलं तरी या कामाला घेऊ नका, त्यात ताकाचं पाणी बऱ्यापैकी राहिलेलं असतं आणि ते किती आहे ते आपल्याला कळत नाही. पोळीला लावा ते.

आता चीज कुठलं. अमेरिकेत क्रीम चीज विटेसारखं ब्लॉकमध्ये मिळतं, तिथल्या नियमाप्रमाणे त्यात किमान 33 टक्के फॅट असावं लागतं आणि पाणी 55 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तिथल्या सगळ्या रेसिपी त्या ब्लॉकवर बेतलेल्या. आपल्याकडे दुकानात बहुतेक वेळा प्लास्टिकचा डबा मिळतो, ब्रेडला लावायला मऊ ठेवलेला. ब्रँड कुठलाही असू दे, डबा उलटा करून मागे 100 ग्रॅममध्ये फॅट किती ते वाचा, 30 च्या आसपास असेल तर घ्या, 20-22 असेल तर त्या चीजकडून घट्टपणाची अपेक्षा ठेवू नका. नुसतं चीज स्प्रेड लिहिलेलं असेल तर ते क्रीम चीज नाहीच, खारट प्रोसेस्ड चीज आहे ते, घाईत उचललं जातं. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला बेकरी सामानाची दुकानं आहेत तिथे मोठे पॅक असतात, हॉटेलवाल्यांसाठीचे, ते सहसा घरगुती डब्यापेक्षा घट्ट असतात, चार जणींनी मिळून घेतलं तर परवडतं.

डब्यातलंच वापरायचं असेल तर आदल्या रात्री दोन पदरी मलमलच्या फडक्यात गुंडाळा, चाळणीत ठेवा, खाली वाटी, वर थोडं वजन, आणि फ्रिजमध्ये. चक्क्याइतकं पाणी निघणार नाही कारण त्यात गम, म्हणजे पाणी धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, घातलेला असतो, पण जे काही निघेल ते फ्रॉस्टिंगमध्ये निघण्यापेक्षा वाटीत निघालेलं बरं. आणि घरी दूध फाडून मिक्सरमधून काढलेलं क्रीम चीज, ते चवीला छान असतं, पण ते पनीरच, त्याच्यात ती जाळी नाही, साखर घातली की रवाळ आणि ओलं होणारच. घट्ट चक्का वापरणार असाल तर त्यापेक्षा चांगला, फक्त बटर चक्क्याच्या बरोबरीने घ्या आणि आंबट दह्याचा चक्का नको.

हे सगळं करूनही मे महिन्यात ऑर्डर द्यायची असेल तर माझं मत सरळ आहे, साधं क्रीम चीज फ्रॉस्टिंग करूच नका, दोन पर्याय आहेत. पहिला व्हाईट चॉकलेटचा. 250 ग्रॅम चीजला 120 ग्रॅम व्हाईट चॉकलेट वितळवून कोमट करायचं, 60 ग्रॅम बटर, आयसिंग शुगर फक्त 50-60 ग्रॅम कारण चॉकलेटमध्ये साखर आहेच. यात मात्र चीज बर्फासारखं गार नको, नाहीतर चॉकलेट लागताक्षणी गोठून त्याचे बारीक खडे होतात, थोडं बाहेर ठेवलेलं हवं. सेट झालं की कोको बटर सगळं धरून ठेवतं. कंपाऊंड चॉकलेट (कोको बटरऐवजी दुसऱ्या वनस्पती फॅटचं) उन्हात जास्त टिकतं पण टाळूला मेणासारखं चिकटतं, मला नाही आवडत, तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरा पर्याय शिजवलेल्या पिठाचा, आणि माझ्या मते हाच जास्त चांगला. 200 मिली दूध, 150 ग्रॅम साधी साखर, 30 ग्रॅम मैदा, गुठळी न होता मिसळून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा, खिरीच्या पुढे जाऊन खळीसारखं घट्ट झालं आणि रटरटून मिनिटभर शिजलं की उतरवा. वर क्लिंग फिल्म अगदी चिकटवून पूर्ण गार होऊ द्या, पूर्ण म्हणजे पूर्ण, हाताला जरासुद्धा कोमट लागता कामा नये. मग 150 ग्रॅम बटर फेटून त्यात हे एकेक चमचा, आणि शेवटी 200 ग्रॅम थंड क्रीम चीज कमी स्पीडला. साखर आधीच पिठाच्या खळीत विरघळून अडकलेली असल्यामुळे ती चीजमधलं पाणी खेचायला फारशी मोकळी राहत नाही, गोडही कमी लागतं. पायपिंगलाही बऱ्यापैकी उभं राहतं. वेळखाऊ आहे, हे मान्य.

फ्रॉस्टिंग घट्ट आहे तरी लेअर सरकतात

मग बघा केककडे. निम्म्या वेळा फ्रॉस्टिंगचा काही दोष नसतो, केक आतून गरम असतो. वरून हात लावला तर गार वाटतो पण मधला भाग तासाभरानेही कोमट असतो, आणि तेवढं बटर वितळवायला पुरतं. मसाला केक आदल्या दिवशी करा, गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये, दालचिनी-लवंगेचा वासही दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. थंड लेअरचे कण सुटत नाहीत, कापायलाही सोपे. एगलेस केक असेल, दह्यातला, तर हे करायलाच हवं, तो ताजा असताना हाताळताच येत नाही.

दुसरं म्हणजे ओलावा. डिसेंबर-जानेवारीत जी लाल लांब गाजरं येतात, हलव्याची, ती भयंकर रसाळ, नारिंगी गाजरावर बेतलेल्या रेसिपीत ती तशीच किसून घातली की केक मधे ओला राहतो आणि खालचा लेअर बसतो. किस मुठीत घट्ट दाबून घ्या, रस पिऊन टाका. टिनमधला अननस घालत असाल तर तो चाळणीत निथळून, वर टिश्यूने टिपून. आणि ते साखरेचं पाणी ब्रशने मारायची जी सवय आपल्याला स्पंज केकमुळे लागली आहे ती इथे सोडा, तेलातला केक आहे हा, त्याला सिरप लागत नाही, ओल्या लेअरवर फ्रॉस्टिंग घसरणारच.

फुगलेला घुमट कापून सपाट करा. घुमट फारच येत असेल तर ओव्हन 160-165 वर ठेवा आणि एका उंच टिनऐवजी दोन टिनमध्ये बेक करा. मधला थर जाड लावायचा मोह आवरा, एक सेंटिमीटरच्या आत ठेवा, लावल्यावर वरचा लेअर ठेवून वीस मिनिटं फ्रिज, मग पुढचा. तीन लेअर असतील तर मधून दोन जाड स्ट्रॉ केकच्या उंचीएवढ्या कापून घाला. बाहेरून आधी एक अगदी पातळ हात, मग परत फ्रिज, मग शेवटचा हात. पातळ होण्याची भीती असेल तर बाजू उघड्याच ठेवा, मसाला केकचा तपकिरी रंग दिसतो ते छानच दिसतं, आणि कमी फ्रॉस्टिंग म्हणजे कमी कटकट.

पावसाळ्यात अजून एक भानगड, फ्रिजमधून केक काढला की दहा मिनिटांत वर दवासारखं पाणी, मग साखर ते शोषते आणि पृष्ठभाग चिकट. केक उघडा फ्रिजमध्ये ठेवू नका, बंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच न उघडता अर्धा तास तसाच राहू द्या, पाणी डब्यावर जमतं, केकवर नाही. बंद डब्याचा दुसरा फायदा असा की क्रीम चीज फ्रिजमधला प्रत्येक वास उचलतं, लसणाच्या चटणीच्या शेजारी एक रात्र ठेवून बघा म्हणजे कळेल.

बाहेर किती वेळ ठेवायचा हेही सारखं विचारतात. खाण्याच्या सुरक्षिततेचा नेहमीचा नियम दोन तासांचा आहे, हवा 32 डिग्रीच्या वर असेल तर एकच तास, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात एकच. गिऱ्हाईकाला देताना हे तोंडी सांगून भागत नाही, डब्यावर चिठ्ठी चिकटवा, कारण केक संध्याकाळी पाचला नेतात आणि कापतात रात्री साडेनऊला, तोवर तो टीव्हीवर किंवा फ्रिजवर ठेवलेला असतो. न्यायचा असेल तर केक आदल्या रात्रीपासून थंड असू दे, डब्यात खाली घसरू नये म्हणून नॉन-स्लिप मॅट, आणि गाडीत पायाशी सपाट ठेवा, मांडीवर नको, सीटवर तर नकोच, सीटला उतार असतो.

आणि जे फ्रॉस्टिंग काही केल्या वाचत नाही ते फेकू नका. केळ्याच्या किंवा गाजराच्या साध्या लोफवर गार झाल्यावर ओता, ग्लेझ म्हणून चालून जातं. किंवा त्यात एक अंडं आणि चमचाभर मैदा मिसळून पुढच्या केकच्या घोलावर रेघा ओढून बेक करा, आत चीजकेकसारख्या पट्ट्या येतात, पोरं तोच तुकडा आधी मागतात.